शहापूर-मुरबाडकडून एएच्या मीटिंगला जायचंय? आधी परतीची गाडी बघा

दारू सोडायची ठरवली, कुणीतरी सांगितलं एएची मीटिंग धर, मग मोबाइलवर शोधलं तर सगळ्या मीटिंगा ठाणे, मुलुंड, वाशी, नेरूळ अशा, आणि आपण राहतो टोकावड्याला नाहीतर डोळखांबला नाहीतर खर्डीच्या आत कुठल्यातरी पाड्यावर. आता पुढे काय, हे कुणी नीट सांगत नाही म्हणून हे लिहायला घेतलंय. मी फेलोशिपमधलाच, म्हणजे एएचाच मेंबर, कसारा लाइनवरचा. नाव सांगत नाही, आमच्याकडे तशी पद्धतच आहे.

ज्यांना एए म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. अल्कोहोलिक्स अनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही पक्के पिणारे, एकमेकांशी बोलत बसले की पिणं टळतं हे त्यांच्या लक्षात आलं आणि तिथून हे सुरू झालं. आपल्याकडे १९५७ च्या आसपास आलं. फी नाही, फॉर्म नाही, हजेरीपट नाही. अट एकच, दारू सोडायची इच्छा पाहिजे. आधीच सुटलेली पाहिजे असं अजिबात नाही, नाहीतर कोण आलं असतं.

मीटिंगच्याही आधी, हे नीट वाचा

रोज सकाळी उठल्यावर घ्यावीच लागते, नाही घेतली तर हात थरथरतात, घाम फुटतो, अशा माणसाने जोशात येऊन एका दिवसात बंद करू नये. खरंच करू नये. शेवटच्या घोटानंतर काही तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोनेक दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांनी काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी मारायला आलंय असं वाटतं, तारीख-वार कळत नाही. यात माणूस जाऊ शकतो. आपल्याकडे गावात काय होतं तर "बाहेरचं झालंय" म्हणून भगताकडे नेतात आणि त्यात एक रात्र फुकट जाते. असं काही दिसलं तर सरळ १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवायची.

हे टाळायचं असेल तर आधी डॉक्टर. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा आणि किती पितो ते खरं सांगा. आपण क्वार्टर पीत असलो तर "कधीतरी थोडी" सांगतो, तसं करू नका, डॉक्टर त्या हिशोबाने औषध देतात. तिथे जमलं नाही तर उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, ठाण्याचं सिव्हिल, किंवा ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय. शेवटचं नाव ऐकलं की लोक हसतात, "ठाण्याला पाठवा याला" हा आपल्याकडचा जुनाच जोक आहे. पण १९०१ पासूनचं सरकारी हॉस्पिटल आहे ते, ओपीडीत व्यसनाचेही पेशंट येतात, आणि बाहेर कुणी तुमच्या नावाची पाटी लावत नाही.

मीटिंग म्हणजे औषध नाही आणि औषध म्हणजे मीटिंग नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मीटिंगमध्ये कुणी "बंद कर" म्हणाला तर त्याचं ऐकू नका, एए स्वतःही असं सांगत नाही.

मीटिंग शोधायची कशी

एए इंडियाची वेबसाइट आहे, त्यावर राज्य आणि शहराप्रमाणे मीटिंगा बघता येतात, हेल्पलाइनचा नंबरही तिथेच मिळतो. गावाचं नाव टाकून काही येत नाही म्हणून निराश होऊ नका, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, ठाणे, वाशी असं एकेक टाकून बघा. यादीत तीन गोष्टी बघायच्या: वार आणि वेळ, भाषा (मराठी, हिंदी की इंग्लिश), आणि ओपन की क्लोज्ड. ओपन म्हणजे बायको, भाऊ, मित्र कुणीही सोबत बसू शकतं. क्लोज्ड म्हणजे फक्त ज्याला स्वतःला प्रॉब्लेम आहे तोच.

यादीवर आंधळा विश्वास मात्र ठेवू नका. जागा बदलते, शाळेला सुट्टी लागली की वर्ग मिळत नाही, आणि यादी अपडेट व्हायला वेळ लागतो. दोन तास प्रवास करून कुलूप बघायचं नसेल तर आदल्या दिवशी हेल्पलाइनला फोन करून "अमुक ठिकाणची मीटिंग चालू आहे ना" एवढं विचारा. फोनवर बहुतेक वेळा आपल्यासारखाच कुणीतरी असतो. त्याला सांगा मी मुरबाडकडून येणार आहे, तर तो त्या भागातला एखादा मेंबर जोडून देतो आणि तो मेंबर कधीकधी स्टेशनवर घ्यायलाही येतो. हे लाजून टाळू नका, ज्याला न्यायला यायचं आहे त्याचंही त्यात भलं असतं, त्याची स्वतःची सोबर, म्हणजे न पिता राहायची पद्धतच ती आहे.

एएव्यतिरिक्तही दारं आहेत. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, टोल फ्री. मन फारच खाली गेलं असेल, जीव द्यावासा वाटत असेल तर टेलिमानस १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली, मनाच्या आरोग्यावर काम करणारी आयपीएच संस्था आहे, पुण्याला १९८६ पासूनचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, जे अवचट दांपत्याने सुरू केलं आणि पुलंनी ज्याला मदत केली. मुक्तांगणमध्ये ॲडमिट होऊन आलेल्यांसाठी बऱ्याच गावांत पाठपुराव्याच्या मीटिंगा होतात, तुमच्या जवळची कुठली ते त्यांनाच विचारायचं. वसईकडच्यांना कृपा फाउंडेशन माहीत असेलच, १९८१ पासून व्यसनमुक्तीचं काम चालू आहे त्यांचं.

आता मुद्द्याचं, परत कसं येणार

माझं अनुभवाने एकच म्हणणं आहे, खेड्यातल्या माणसाची मीटिंग सुटते ती श्रद्धा कमी पडली म्हणून सुटत नाही, ती सुटते परतीच्या गाडीमुळे. बहुतेक मीटिंगा संध्याकाळच्या, तास-दीड तासाच्या. कल्याणला मीटिंग संपवून स्टँडवर आलात आणि टोकावड्याची शेवटची एसटी गेली, तर आता तुम्ही रात्री एका स्टँडवर उभे आहात, पोटात भूक, खिशात पैसे, आणि समोर बियर शॉपी. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा माणूस घरूनच निघत नाही.

म्हणून मीटिंग निवडताना उलटीकडून निवडायची. आधी शेवटची नाही, शेवटच्या आधीची गाडी कधीची ते बघा. एसटी असेल तर स्टँडवरच्या चौकशी खिडकीत विचारा, मोबाइलवरचं टाइमटेबल धरून बसू नका. मग त्या गाडीच्या आधी जी मीटिंग आरामात संपते ती तुमची. ती इंग्लिशमधून असली तरी चालेल, तिथली माणसं थोडी बोअर असली तरी चालेल. लोक सांगतात अमुक ग्रुप फार पॉवरफुल आहे, असेलही, पण तिकडून घरी यायला वाहन नसेल तर तुमच्या उपयोगाचा नाही तो.

कसारा लाइनवाल्यांचं त्यामानाने बरं, वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डीला लोकल आहे, पण पुढचा प्रश्न आसनगाव स्टेशनवरून शहापूर आणि शहापूरवरून आत किन्हवली-डोळखांबला कसं जाणार. रात्री शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबतात. गाडी स्टेशनवर लावून ठेवली असेल तर उत्तम, नाहीतर गावातला एखादा रिक्षावाला महिन्याच्या बोलीवर ठरवून टाका, तो विचारेल कुठे जाता दर गुरुवारी, सांगा क्लास लावलाय कल्याणला.

मुरबाडकडे रेल्वे नाही, त्यामुळे त्यांनी रविवारी सकाळची मीटिंग शोधावी. दिवसा जाऊन दिवसा परत. बाजारहाटही होतो आणि घरच्यांना सांगायला कारणही मिळतं.

आणि एक युक्ती जी फार कमी लोकांना सुचते, मीटिंग घराजवळ असायला पाहिजे असं काही नाही, ती कामाजवळ चालते. आपल्याकडची किती पोरं महापे, रबाळे, तुर्भ्याला एमआयडीसीत कामाला जातात. शिफ्ट सुटली की तसंच वाशी किंवा कोपरखैरणे बाजूची मीटिंग करायची, मग ट्रान्सहार्बरने ठाणे, ठाण्याहून कसारा गाडी. रोजचाच रस्ता आहे, फक्त मध्ये एक तास. पगाराच्या दिवशी तर हे करायचंच, कारण त्या दिवशी गावच्या नाक्यावर आपली वाट बघणारे असतात.

पावसाळ्यात वेगळा विचार ठेवा. २०१९ च्या जुलैमध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती ते सगळ्यांना आठवत असेल, असा दिवस आला तर ऑनलाइन मीटिंग तयार पाहिजे. त्याबद्दल खाली लिहिलंय.

कुणी बघितलं तर?

गावात सगळ्यांना माहीत असतं आपण पितो ते. गटारात पडलेलं बघितलेलं असतं. पण सोडायला चाललोय हे कळायला नको, ही भीती गमतीची असली तरी खरी आहे, मला तिच्यावर हसायचं नाही. त्यासाठीच लांबची मीटिंग खेड्यातल्यांना बरी पडते. शहापूरवाल्याने कल्याण धरावं, कल्याणच्या खेड्यातल्याने ठाणे.

तिथे गावचाच कुणी भेटला तर? भेटतो कधीकधी. तर लक्षात घ्या तोही त्याच कारणासाठी आलेला आहे. आत बघितलेला माणूस आणि आत ऐकलेली गोष्ट बाहेर न्यायची नाही हा नियम, आणि बहुतेक जण तो पाळतात. बहुतेक म्हणतोय, सगळे नाही म्हणत. म्हणून पहिल्या काही मीटिंगांत पोलीस केस, जमिनीचा वाद, बाईमाणसाचं प्रकरण असलं काही सगळ्यांपुढे सांगायची घाई करू नका. ते एखाद्या जुन्या मेंबरशी एकट्याने बोलायचं असतं.

पहिल्या दिवशी आत काय होतं

जागा साधी असते. शाळेचा वर्ग किंवा चर्चचा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा. चर्च बघून काही जण दारातूनच फिरतात, "बाटवतात की काय". तसं काही नाही, हॉल भाड्याने घेतलेला असतो इतकंच. आत देवाचं नाव निघतं हे खरं, पण "आपल्याला जसा समजेल तसा देव" असं म्हणतात, विठोबा म्हणा, म्हसोबा म्हणा, काही न मानणारेही बसलेले असतात. आमच्यात माळकरीही आहेत. माळ घातली की सुटते असं गावात म्हणतात आणि कितीतरी लोकांची सुटलेलीही आहे, मी नाही म्हणत नाही. पण ज्याने माळ काढून खुंटीला लावली आणि मग प्यायला बसला त्याच्यासाठी हे दुसरं दार आहे. दोन्ही एकत्रही चालतं.

जेवून किंवा निदान वडापाव खाऊन जा. उपाशीपोटी दारूची आठवण जास्त येते, एएमध्ये जुने लोक चार गोष्टी सांभाळायला सांगतात, भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, आणि एसटीतून धक्के खात आलेल्या माणसाकडे यातल्या तीन तरी असतातच. दहा मिनिटं आधी पोचा, चहा देणाऱ्याला सांगा पहिल्यांदाच आलोय. मागे बसा वाटलं तर.

सुरुवातीला एक प्रार्थना होते, मग काहीतरी वाचतात, मग एकेक जण उभा राहून किंवा बसूनच बोलतो, "मी अमुक, मी अल्कोहोलिक", आणि आपली गोष्ट सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, भांडत नाही. ग्रामसभेची सवय असलेल्याला हे जरा विचित्र वाटतं. तुमच्याकडे पाळी आली तर "आज फक्त ऐकायला आलोय" म्हणायचं आणि खाली बसायचं, कुणी आग्रह करणार नाही. पूर्ण नाव सांगायची गरज नाही, आडनाव तर नाहीच, आपल्याकडे आडनावावरून गाव आणि जात दोन्ही निघते.

शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो. हॉलचं भाडं आणि चहा त्यातूनच निघतो, बाहेरच्या कुणाची देणगी घेत नाहीत. नवीन माणसाने टाकलंच पाहिजे असं नाही, डबा तसाच पुढे द्या. कुणाचा सोबरायटी बर्थडे, म्हणजे दारू सोडल्याचा वाढदिवस असला तर केकही मिळेल.

संपल्यावर लगेच पळू नका, आणि म्हणूनच मी शेवटच्या आधीची गाडी म्हटलं. खरं काम त्या पंधरा मिनिटांत होतं. दोघातिघांचे नंबर घ्या. त्यातला एखादा आपल्या लाइनवरचा निघतो, मग परतीचा प्रवास दोघांचा होतो आणि स्टेशनबाहेरचं दुकान ओलांडायला सोबत मिळते. बायकांनी बाईचाच नंबर घ्यावा, पुरुषांनी पुरुषाचा, पुढे स्पॉन्सर (नव्याला हाताला धरून वाट दाखवणारा जुना मेंबर) करतानाही तीच पद्धत आहे.

प्यायलेले असाल तरी जा, गप्प बसून ऐकायचं. फक्त बाइक चालवत जाऊ नका.

एका मीटिंगवर मत बनवू नका. पहिली मला तर भजनी मंडळासारखी वाटली होती, सगळे एकच सूर लावून. वेगवेगळ्या ठिकाणच्या चार-पाच करा आणि मग ठरवा. शहरात नव्या माणसाला नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करायला सांगतात, ते आपल्या एसटीच्या जिवावर होणार नाही, त्याचं दडपण घेऊ नका. आठवड्याला एक प्रत्यक्ष, बाकीचे दिवस ऑनलाइन किंवा फोन, असं चालतं.

ऑनलाइन मीटिंग

लॉकडाऊनपासून झूमवर भरपूर मीटिंगा होतात, मराठी-हिंदीतही. आत शिरायच्या आधी झूमवरचं आपलं नाव बदला, नाहीतर पोरीच्या शाळेसाठी काढलेल्या अकाउंटचं पूर्ण नाव सगळ्यांना दिसतं. कॅमेरा बंद ठेवला तर कुणी रागावत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपला जॉइन झालात तर नंबर आणि डीपी दोन्ही दिसणार, डीपीवर टेम्पोचा नंबर किंवा सरपंचांसोबतचा फोटो असेल तर तो आधी काढा. घरात जागा नसेल तर हेडफोन लावून शेताच्या बांधावर बसायचं, माळशेजकडे रेंज जिथे मिळते ती जागा आधी शोधून ठेवायची. आणि एकट्याने ऐकत बसून पुरत नाही, मीटिंगनंतर एकाला तरी फोन करायचा.

घरच्यांसाठी थोडंसं

जेवणात गुपचूप मिसळायची "दारू सोडवायची पावडर" आणू नका. अशा औषधांत डायसल्फिराम असू शकतं, ते पोटात असताना माणूस प्यायला तर उलट्या, छातीत धडधड, बीपी एकदम खाली, जीवावर बेतू शकतं. ते औषध डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने.

नवरा जायला तयार नसेल तरी बायको जाऊ शकते. घरच्यांसाठी अल-ॲनॉन नावाच्या वेगळ्या मीटिंगा असतात. तिथे नवऱ्याला कसं सुधारायचं ते शिकवत नाहीत, त्याच्या पिण्यापायी आपलं काय झालंय ते बघतात. काही बायका आधी जातात आणि नवरा वर्षभराने येतो.

श्रावण पाळतो म्हणजे सुटली असं समजू नका. महिनाभर न पिता राहिलेला माणूस आतून दिवस मोजत असतो, आणि श्रावणात राहिलेली कसर तो गणपती गेले की भरून काढतो. तसंच आगरी-कोळी गावांतली हळद, म्हशाची जत्रा, शिमगा, हे दिवस आधीपासून कॅलेंडरवर खूण करून ठेवा. हळदीला जायचंच असेल तर लवकर जा, आहेर द्या, हळद लावा, जेवा आणि बाटल्या उघडायच्या आधी निघा, त्या रात्रीची ऑनलाइन मीटिंग ठरवून ठेवा.

आपल्याच गावात ग्रुप काढायचा झाला तर

हे पहिल्या महिन्यात नाही. स्वतःचा पाय जरा टेकला, स्पॉन्सर मिळाला, की मग. नियम सोपा आहे, दारूपासून दूर राहायला दोन अल्कोहोलिक एकत्र बसले की तो ग्रुप होतो. जागेसाठी झेडपी शाळेचा वर्ग, समाजमंदिर, पतसंस्थेची वरची खोली. फुकट दिली तरी थोडं भाडं द्यायचंच, नाहीतर देणारा उद्या मालक होतो. सरपंच किंवा कुठलातरी भाऊ येऊन म्हणेल बॅनर लावू, "व्यसनमुक्त गाव", तुमच्यासोबत फोटो काढू, पेपरला देऊ. हात जोडून नाही म्हणायचं. फोटो आला की त्या दिवसापासून नवीन माणूस येणं बंद.

पुस्तकं आणि पत्रकं मराठीत मिळतात, एएच्या मुंबईतल्या ऑफिसातून मागवता येतात, नवा ग्रुप झाल्याचंही तिथेच कळवायचं म्हणजे यादीत नाव लागतं. एक साधं पोस्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात, एक मेडिकलवाल्याकडे, एक पोलीस पाटलांकडे. पहिले कित्येक आठवडे दोघंच असाल, कधी एकटेच. तरी ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी खोली उघडायची आणि वेळ संपेपर्यंत बसायचं, कारण जो येणार तो आधी दोनतीनदा लांबून फक्त दिवा लागतो का ते बघून जातो. पोस्टरवर स्वतःचा नंबर टाकू नका, ग्रुपसाठी वेगळं सिम घ्या आणि साधा फोन, तो मेंबरांत आळीपाळीने फिरवायचा, म्हणजे माणूस बदलला तरी पोस्टर बदलावं लागत नाही आणि रिचार्ज डब्यातल्या पैशातून होतो.